एक्सपान्शनची तुलना करायची तर तिसऱ्या महिन्यातला बुधवार धरा

"मावशी, सगळ्यात भारी एक्सपान्शन कुठलं गं?"

भाचा खारघरला इंजिनिअरिंगला आहे. रविवारी ऐरोलीला जेवायला आला की चपला काढता काढता हा प्रश्न. त्याला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम सुरू करायचाय आणि मी २००९ पासून त्यात प्रीस्ट होऊन लोकांची मलमपट्टी करतेय, तेव्हा मावशी एका शब्दात सांगेल अशी त्याची समजूत. एका शब्दात सांगता येतंही, पण ते उत्तर माझ्या उपयोगाचं. म्हणून त्याला उत्तराऐवजी पद्धत दिली, तीच इथे उतरवते. पोटापाण्यासाठी मी जीएसटीची रिटर्न भरते, त्यामुळे पद्धतीला वहीखात्याचा वास येणार.

ज्यांनी हा गेम खेळलेलाच नाही त्यांच्यासाठी: एक्सपान्शन म्हणजे सिडकोचा नवा नोड. आधी वाशी, मग नेरूळ, बेलापूर, खारघर. नवीन वसलं की सगळे तिकडे धावतात. जुन्यातले रस्ते, चौक, बागा जागच्या जागी असतात, फक्त गर्दी नसते. गेम आला नोव्हेंबर २००४ मध्ये (ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तोच महिना), आणि २००७ च्या बर्निंग क्रुसेडपासून २०२४ च्या वॉर विदिनपर्यंत असे दहा नोड वसले. लोक तुलना करतात ती बहुतेक वेळा नव्या नोडच्या उद्घाटनाची आणि जुन्या नोडच्या आठवणींची. दोन्हीकडे हिशेब चुकतो.

पहिलं काम म्हणजे दिवस ठरवा. मी प्रत्येक एक्सपान्शनच्या तिसऱ्या महिन्यातला बुधवार धरते. बुधवार अशासाठी की मी युरोपच्या सर्व्हरवर खेळते आणि तिथला आठवडा बुधवारी सकाळी पालटतो. आठवड्याची बक्षिसं, रेडचे (म्हणजे टोळीने मिळून लढायच्या मोहिमेचे) बॉस, सगळं पुन्हा कोरं होतं. अमेरिकेच्या सर्व्हरवर असाल तर मंगळवार धरा. तिसरा महिना अशासाठी की पहिले दोन-तीन आठवडे कुठलंही एक्सपान्शन गोडच लागतं. नवे प्रदेश, नवं संगीत, लेव्हल वाढतेय, गिल्डमध्ये, म्हणजे आमच्या नेहमीच्या टोळीत, दहा वर्षांपूर्वी गायब झालेली माणसं पुन्हा हजर. ही लग्नाची वरात झाली. संसार कसा आहे ते वरातीत कळत नाही.

वरातीला भुललेल्यांची मोठी साक्ष म्हणजे वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर, नोव्हेंबर २०१४. लेव्हलिंग इतकं देखणं की मी कामावर दोनदा खोटं बोलून लवकर घरी आले. त्या वर्षाअखेर सबस्क्राइबर १ कोटीवर गेले. आणि मग प्रत्येकाला मिळालं गॅरिसन, म्हणजे स्वतःचा किल्ला. त्यात टेबलाशी उभं राहून हाताखालच्या लोकांना मोहिमेवर पाठवायचं, खाणीतून दगड काढायचे, वाफ्यातून पाला खुडायचा. ऑनलाइन गेममध्ये हजारो माणसं, आणि जो तो आपापल्या वन बीएचकेत दार लावून बसलेला. पहिल्या मोठ्या पॅचमध्ये (मधल्या सुधारणेत) सेल्फी कॅमेरा मिळाला. ब्लॅकरॉक फाउंड्री हा रेड मात्र आजही माझ्या पहिल्या तिनात आहे, हे कबूल. जून २०१५ अखेर सबस्क्राइबर ५६ लाख उरले आणि त्याच वर्षी कंपनीने हा आकडा जाहीर करणंच बंद केलं.

दुसरं काम: वहीत दोन रकाने पाडा. एकाला नाव हौस, दुसऱ्याला हप्ता. हौस म्हणजे बक्षीस नसतं तरी केलं असतं ते. हप्ता म्हणजे भरला नाही तर मागे पडाल म्हणून जे करता ते. मिनिटं लिहा. आठवडाभर लिहा, एका रात्रीवरून ठरवू नका. लिहिताना प्रामाणिक राहणं अवघड असतं, कारण हप्त्यालाही माणूस हळूहळू हौस म्हणायला लागतो. माझी खूण साधी आहे: आईने "जेवायला चल" म्हटल्यावर "आले" म्हणून उठले तर तो हप्ता, "पाच मिनिटं" म्हणाले तर हौस.

माझ्या वहीतली दोन पानं उघडून दाखवते.

२७ जानेवारी २०२१ ला संपलेला आठवडा, शॅडोलॅंड्स. हप्ता: टोरगास्टच्या मनोऱ्यातल्या दोन शाखा, लेजंडरी वस्तूसाठी सोल ॲश हवी म्हणून, २ तास १० मिनिटं. मॉ नावाच्या नरकातून आत्मे सोडवणं, ३५ मिनिटं. हजार ॲनिमा जमवणं, २ तास. कॉलिंग नावाच्या नेमून दिलेल्या कामगिऱ्या, सव्वा तास. एकूण ६ तास. हौस: कॅसल नाथ्रियाचा रेड ३ तास, मिथिक प्लस (पाच जणांनी घड्याळ लावून मारायची गुहा) एक, ४० मिनिटं. एकूण ३ तास ४० मिनिटं. समासात लाल पेनाने "हे काय चाललंय" असं लिहिलेलं आहे, आणि खाली २० तारखेच्या रिटर्नची विसरलेली लेट फी.

१ फेब्रुवारी २०२३ ला संपलेला आठवडा, ड्रॅगनफ्लाइट. हप्ता: आठवड्याची क्वेस्ट आणि किरकोळ, सव्वा तास. हौस: रेड ३ तास, मिथिक प्लस दोन, १ तास १० मिनिटं, आणि ड्रॅगनरायडिंगच्या शर्यती दीड तास. या शर्यतींतून माझ्या प्रीस्टला काडीचा फायदा नव्हता. पण त्याआधी उडणं म्हणजे स्पेसबार दाबून वर जायचं आणि सरळ चालत राहायचं, हवेतली रिक्षा. इथे पहिल्यांदा ड्रॅगनला वजन आलं. कड्यावरून खाली सूर मारायचा, वेग साठवायचा, जमीन अंगावर येते असं वाटलं की नाक वर उचलायचं आणि तोच वेग खर्चून पुढची टेकडी ओलांडायची. पंख मारायची ताकद मोजकी, संपली की कुठेतरी टेकून दम खायचा. पहिल्या रात्री मी एकही क्वेस्ट केली नाही, नुसती पडत आणि चढत होते. आईने तीनदा हाक मारली.

एवढ्यावर निकाल लावू नका, आधी पॅच बघा. एक्सपान्शन दोन वर्षं चालतं आणि या काळात त्याचा स्वभाव बदलतो. शॅडोलॅंड्समध्ये चारपैकी एक कॉव्हेनंट, म्हणजे पंथ, निवडायचं होतं. मी निळ्या जंगलाला भुलून नाईट फे घेतलं. गिल्डचे आकडे दुसरीकडे बोट दाखवत होते आणि नंतर परत फिरायचं तर आठवडे घालवायचे. नोव्हेंबर २०२१ च्या ९.१.५ पॅचने ती गाठ सैल केली, पण तोवर आमच्यातले अर्धे निघून गेले होते. उलट उदाहरण लीजनचं. ऑगस्ट २०१६ मध्ये आलं तेव्हा लेजंडरी वस्तू नशिबाने पडायच्या. माझी पहिली पडली ती प्रायडाझ नावाचा हार, जो मलाच थोडंसं वाचवतो. हीलरला काय त्याचं! आमच्या दुसऱ्या हीलरला, रेस्टो ड्रूइडला, पहिल्याच आठवड्यात कामाची मिळाली आणि मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. पुढच्या उन्हाळ्यानंतर, आर्गसच्या ७.३ पॅचपर्यंत, तेच एक्सपान्शन असं मुरलं की आजही कोणी चांगलं म्हणालं तर मी विचारते, सुरुवातीचं की शेवटचं? म्हणून वहीत एक्सपान्शनच्या नावाशेजारी पॅच नंबर लिहा. लोणचं कुठल्या महिन्यात चाखलं ते सांगितल्याशिवाय चव सांगू नये.

आता आपल्याकडची एक ॲडजस्टमेंट एंट्री, जी परदेशातल्या कुठल्याही तुलनेत सापडणार नाही. माझ्या गिल्डचा रेड तिकडे रात्री आठला. उन्हाळ्यात ते आपले साडेअकरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि आपले साडेबारा होतात, ते मार्चअखेरपर्यंत. म्हणजे नोव्हेंबरात आलेलं एक्सपान्शन मी पहिले चार महिने पेंगत खेळलेय आणि ऑगस्टात आलेलं ताजी असताना. ड्रेनॉर, शॅडोलॅंड्स, ड्रॅगनफ्लाइट नोव्हेंबरातली; लीजन आणि वॉर विदिन ऑगस्टातली. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला बारा वर्षं लागली. तेव्हापासून हिवाळ्यातल्या पानावर कोपऱ्यात "झोप" लिहून ठेवते आणि राग त्या प्रमाणात कमी करते. (सिडनीच्या सर्व्हरवर जाऊन बघितलं. तिथला आठचा रेड आपल्याकडे दुपारी पडतो. ज्याला नोकरी नाही त्याने विचार करावा.) युरोपचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो, हीलरचं भागतं, पण कोणी अचूक वेळेला शत्रूचा मंत्र तोडायला सांगितला की माझा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा.

कथेची तुलना मी करत नाही. बॅटल फॉर ॲझरॉथमध्ये टेलड्रासिल (एल्फ लोकांचं झाडावरचं गाव) जाळलं त्याचा राग गेलेला नाही, त्यामुळे न्याय होणार नाही.

राहिली आठवण, आणि इथे बहुतेकांची वही फसते. माझीही फसली. कितीतरी वर्षं मी रॅथ ऑफ द लिच किंगच सर्वांत उत्तम असं ठासून सांगायचे. २०१० च्या मे महिन्यात आम्ही नौपाड्यात जुन्या घरी राहायचो. आइसक्राउनच्या रेडमध्ये दहा जण, समोर लिच किंग, मी हील करतेय. तो जमिनीवर काळं डबकं टाकतो, त्यात कोणाचा पाय पडला की डबकं पसरतं. वाल्किर येऊन माणूस उचलतात आणि कड्यावरून टाकतात. त्या रात्री एकाचाही पाय पडला नाही. त्याचं आयुष्य १४ टक्क्यांवर आलं. १० ला तो सगळ्यांना एका झटक्यात मारतो, आपल्या बाजूचा टिरियन बर्फातून सुटून त्याची तलवार तोडतो आणि सगळे पुन्हा उठतात, हे वाचून माहीत होतं. १२ टक्के. आणि लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर पंखा आणि ट्यूबलाइट. पंखा माझ्या डोक्यावर मजेत फिरत होता आणि समोर काळा मॉनिटर. पन्नास मिनिटांनी लाइट आली तेव्हा गिल्ड चॅटवर अभिनंदनाचा पूर ओसरून लोक झोपायला निघाले होते.

तर २०२२ मध्ये क्लासिकच्या रूपात (जुना गेम तसाच पुन्हा चालवतात तो) रॅथ परत आल्यावर मी वही घेऊन बसले. तिसऱ्या महिन्यात हप्त्याच्या रकान्यात काय लिहावं लागलं? सन्स ऑफ होडिर. खांद्याचं एन्चांट मिळावं म्हणून त्या बर्फाळ राक्षसांची तीच तीच कामं रोज करायची. हे मी २००९ मध्येही केलं होतं, महिनोन् महिने, आणि साफ विसरले होते. आठवण हौसेचा रकाना जपून ठेवते आणि हप्त्याचा फाडून टाकते. २०२३ च्या हिवाळ्यात लिच किंग माझ्या डोळ्यांसमोर पडला, तलवार तुटली, मी उठून बसले, बाकीचे नऊ जण "जीजी" टाकून पुढच्या मिनिटाला निघून गेले. २०१० मध्ये त्या दहांत एक फिनलंडचा टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा) होता, तो लाइट गेलेल्या रात्री जागा राहिला होता, मी परत येईन म्हणून. मी सव्वीसची होते. हे सगळं रॅथच्या खात्यावर जमा करणं बरोबर नाही.

म्हणून ज्याची तारीफ करायची ते शक्य असेल तर पुन्हा खेळून बघा. लेव्हल २० पर्यंत गेम फुकट आहे. नवीन पात्र लेव्हल १० ला न्या, राजधानीत क्रोमी नावाची ठेंगणी बाई भेटते, तिला सांगितलं की ती तुम्हाला हव्या त्या जुन्या एक्सपान्शनमध्ये सोडते. भाच्याला मी हेच करायला लावलं: पॅंडेरिया दोन दिवस, लीजन दोन दिवस. पण क्रोमी दाखवते ती वरातच. जुन्या रेडमध्ये आजच्या लेव्हलची माणसं गेली की बॉस एका फटक्यात आडवा होतो, त्यावरून काही ठरवू नका; त्यासाठी क्लासिकचे सर्व्हर आहेत किंवा टाइमवॉकिंगचे आठवडे, जेव्हा तुमची ताकद जुन्या काळाइतकी कमी केली जाते.

माझ्यापुरता निकाल हवाच असेल तर आज वॉर विदिन. ६ नोव्हेंबर २०२४ च्या पानावर हप्ता ५० मिनिटं आहे. हौसेत डेल्व्ह: एकटीने, ब्रान नावाच्या बडबड्या बुटक्याला सोबत घेऊन गुहेत शिरायचं, पंधरा मिनिटांत बाहेर. ११ तारखेच्या रिटर्नच्या आदल्या रात्री दोन क्लायंटच्या मध्येही होतं. सव्विसाव्या वर्षी मला हे मिळमिळीत वाटलं असतं.

भाच्याने वही आणली नाही, फोनमध्ये लिहितो म्हणाला. काल मेसेज आला: "लीजन, हौस ९ तास, हप्ता ०." मी विचारलं, रविवारी जेवायला का नाही आलास? "पाच मिनिटं," म्हणाला.