जुना प्रोसेसर अजून विकू नका

कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचाय? आधी सॉकेट बघा, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच. एएमडीच्या एएम४चा प्रोसेसर एएम४च्या मदरबोर्डात, इंटेलच्या एलजीए १७००चा एलजीए १७००मध्ये. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं, म्हणूनच मी तेवढंच बघून थांबलो आणि दोन दिवस काळ्या स्क्रीनसमोर बसून काढले.

सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर बसेल, एवढंच. चालेलच असं नाही. इंटेलच्या एलजीए ११५१चं बघा. सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर चालते, आठवी-नववीला ३०० मालिकाच लागते, आणि खाचेत मात्र दोन्ही गपचूप बसतात. एएमडीकडे उलटी गंमत. बी५५० हा बी४५०पेक्षा नवा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप), पण २०१८चा रायझन ५ २६०० त्यावर चालत नाही. तेव्हा सॉकेटपाठोपाठ चिपसेट बघा आणि चिपसेटवरही विसंबू नका, बोर्डाचं पूर्ण नाव काढा. ‘माझ्याकडे बी४५० आहे’ हे उत्तर नव्हे. एकाच कंपनीचे बी४५०चे पाच-सात बोर्ड असतात, शेवटच्या एखाद्या अक्षराचाच फरक. नाव बोर्डावर छापलेलं असतं आणि कडेला कुठेतरी बारीक अक्षरात रिव्हिजनचा आकडा असतो, तोही टिपून घ्या. कॅबिनेट उघडायचा कंटाळा असेल तर विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. बेसबोर्डच्या ओळीत नाव मिळेल. त्याच खिडकीत ‘बायोस व्हर्जन/डेट’ अशी एक ओळ असते (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर). ती लिहून घ्या. खरंच कागदावर लिहा, मोबाइलवर फोटो काढा, काहीही करा. ही ओळ मी मागच्या वेळी बघितली नव्हती.

आता बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्याच बोर्डाचं पान उघडा आणि सपोर्टमध्ये सीपीयूची, म्हणजे प्रोसेसरची, यादी शोधा. दुकानदाराला विचारू नका, व्हिडिओ बघू नका, यादी बघा. तुमचा प्रोसेसर यादीत दिसला की लगेच नाचू नका. मी नाचलो होतो. त्याच ओळीत उजवीकडे एक रकाना असतो: कोणत्या बायोसपासून चालेल. तो आकडा आणि तुम्ही लिहून घेतलेला आकडा शेजारी ठेवा. तुमचा जुना असेल तर आधी बायोस अपडेट, मग प्रोसेसर. आधी बायोस. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच.

माझं काय झालं ते सांगतो. रायझन ५ २६०० काढून ५६०० घालायचा होता. एएम४ तोच, बोर्ड बी४५०, यादीत ५६००चं नाव, सगळं छान. ५६०० बाजारात आला २०२२मध्ये आणि माझ्या बोर्डातला बायोस होता २०१९चा. त्या बायोसला हा प्रोसेसर कोण हेच माहीत नव्हतं. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. मी रॅम काढून पुसली, केबल बदलली, शेजाऱ्याचा मॉनिटर आणला. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की बायोस अपडेट करायला हवा, आणि तो करायला चालणारा प्रोसेसर हवा. आणि २६०० मी आदल्याच आठवड्यात विकून टाकला होता! ज्या मुलाला विकला त्यालाच फोन केला, ‘तासाभरासाठी परत देतोस का?’ तो आधी हसला, मग रविवारी स्वतःच्या मशीनमधून काढून घेऊन आला. चहा-पोहे झाले, अपडेट झालं. इतकी लाज मला आयुष्यात कमी वेळा वाटली आहे.

म्हणून पुन्हा सांगतो: जुना प्रोसेसर विकू नका, भावाला देऊ नका, सॉकेटमधून काढूसुद्धा नका, आधी बायोस. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस टाकायचं बटण असतं. मागच्या पोर्टांजवळ बघा. असेल तर नशीबवान आहात. माझ्याकडे नव्हतं.

अपडेट करताना पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा, फाइल झिपमधून बाहेर काढा, बायोसमधल्याच टूलने टाका. डाउनलोडच्या पानावरची टीप वाचा. काही ठिकाणी आधी मधली आवृत्ती टाकावी लागते, काही नव्या बायोसमधून फार जुन्या चिप वगळलेल्या असतात. यूपीएस नसेल तर अपडेटच्या मध्येच वीज गेली आणि बोर्ड मेला, असं होऊ शकतं. पुण्यात असाल तर गुरुवारी, वीज जाण्याच्या वारी, हा उद्योग नकोच.

मग ग्राफिक्स. ५६००ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, ५६००जीला आहे. इंटेलमध्ये १२४००एफसारखा शेवटी ‘एफ’ असेल तर नाही. बोर्डावर एचडीएमआयचं पोर्ट दिसतं म्हणून फसू नका, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ते नुसतं भोक आहे. रॅम: एएम४ला डीडीआर४, एएम५ला डीडीआर५च. एलजीए १७००चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, बोर्डाचं नाव नीट वाचा. स्वस्त बोर्डावर १०५ वॅटचा प्रोसेसर घालायचा असेल तर बोर्डावरच्या वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) आहे का बघा. नसेल तर ६५ वॅटवालाच घ्या. कूलर: एलजीए १२००चा १७००वर तसाच बसत नाही, वेगळी पट्टी लागते. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट आणा.

एएम४चा कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, प्लग काढा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर हे सगळं करण्याआधी थांबवा, त्याची रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, जपून ठेवा. नवा प्रोसेसर घातल्यावर बोर्ड एफटीपीएम (अशा किल्ल्या जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करू का म्हणून वाय की एन विचारतो, तेव्हा आठवेल. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, परत चालू करा. चार-पाच वेळा रीस्टार्ट करा, दोन दिवस वापरा. मग टाका जुन्याची जाहिरात.