पडवीत पडलेल्या जुन्या कटरची ताकद वाढवताना

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि त्या पावसाळ्यात आमच्याकडे चायनाच्या कटरांचा, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉचा, पूर आला. नारिंगी नाहीतर लाल प्लास्टिक, वर 58 सीसीचा स्टिकर, पुढे 22 इंची बार, म्हणजे जिच्यावर चेन फिरते ती पट्टी. पडलेली झाडं उचलून झाली आणि कटर पडवीत गेले. आता तेच एकेक करून माझ्या टेबलावर येतात. मालकाचं गाऱ्हाणं ठरलेलं: "चालू होतो हो, पण लाकडात घातला की बसतो. जरा ताकद वाढवून द्या."

वाढवता येते. माझा हात आरएक्स 100 आणि स्कूटरच्या इंजिनांवर बसलाय, आणि कटरचं इंजिन त्याच टू-स्ट्रोक जातीचं, फक्त लहान आणि जास्त रेसला फिरणारं. पण लोकांनी व्हिडिओत ग्राइंडर फिरताना बघितलेला असतो, त्यामुळे त्यांना पहिल्याच दिवशी पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या वाटा (पोर्ट) घासून मोठ्या करणं, हवं असतं. माझा क्रम बरोबर उलटा आहे. ग्राइंडर सगळ्यात शेवटी, आणि दहातल्या नऊ मशीनना तो लागतच नाही. स्वस्त इंजिन मुळात अशक्त नसतं, त्याचं नाक दाबलेलं असतं. आधी ते सोडवायचं.

इंजिनला हात लावायच्या आधी चेन बघा. माडाचं खोड वाळूत पडलेलं असतं, ते कापलं की धार गेलीच. ऐन, किंजळ ही कठीण लाकडं तर कोरडी असली की नवीन चेनचाही घाम काढतात. भुसा पिठासारखा पडत असेल तर दोष इंजिनाचा नाही. या कटरांवर बहुतेक .325 पिचची (कड्यांमधलं अंतर, इंचात) चेन असते, तिला 4.8 मिमीची गोल कानस, दर दाताला सारखे हात. दोनतीनदा धार लावून झाली की दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने उतरवा. तो दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिमी खाली हवा. तो उंच राहिला तर दात लाकडात शिरतच नाही आणि माणूस वरून दाबत बसतो. आणि 22 इंची बार काढून 18 चा घाला. एवढ्या इंजिनाला 22 इंच हा निव्वळ दुकानात दाखवायचा देखावा आहे. धार आणि बार या दोन गोष्टींनीच कितीतरी कटर माझ्याकडून तसेच परत गेलेत, इंजिन न उघडता.

त्यानंतरही बसत असेल तर कॉम्प्रेशन मोजा. प्लगच्या जागी कॉम्प्रेशनचा मीटर, चोक न ओढलेला, रेस पूर्ण दाबलेली, काटा थांबेपर्यंत दोरी ओढायची. 150 पीएसआयच्या आसपास असेल तर पुढे चला. 120 च्या खाली असेल तर मॉडिफिकेशनचा विचार सोडा. सायलेन्सर काढून पोर्टमधून पिस्टन बघा, त्यावर उभे ओरखडे दिसतील. सिलिंडर-पिस्टनचा किट टाकणं हेच तिथलं मॉडिफिकेशन.

पुढची तपासणी कोणी करत नाही, आणि इंजिनं मरतात ती तिच्यावाचून. इंजिन कुठून हवा ओढतंय का? जुन्या स्वस्त कटरमध्ये कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी पाइप चिरतो, क्रँकचे ऑइल सील कडक होतात. तिथून जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि पकडतो. महागडा पंप घ्यायची गरज नाही. बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि मीटर घ्या. एक जुना प्लग फोडून आतली चिनीमाती काढा, उरलेल्या कवचात रबरी नळी घट्ट बसवा. सायलेन्सर काढून त्याच्या जागी ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळा, कार्बोरेटरच्या बाजूलाही तसंच. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरचा भाग आणि क्रँककेस एक होतात. डीकॉम्प्रेशनचं (दोरी हलकी करणारं) बटण असेल तर ते वर आलेलं हवं. मग बीपीच्या मीटरवर 250 पर्यंत हवा भरा आणि काटा बघत बसा. अर्धा मिनिट जागचा हलला नाही तर उत्तम. उतरत असेल तर साबणाचा फेस लावा: रबरी पाइपाभोवती, सिलिंडरच्या बुडाशी, मॅग्नेटच्या (शाफ्टवरच्या चुंबकाच्या चाकाच्या) मागे, क्लचच्या मागे. बुडबुडा येईल तिथे रोग. तो काढल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, कारण ताकद वाढवलेलं इंजिन ही गळती साध्या इंजिनाएवढीही सहन करत नाही.

याच वेळी पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टर बदला. आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आणि जुन्या स्वस्त नळ्या त्यात फुगतात, नाहीतर हाताने मोडतील इतक्या कडक होतात. कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) बोटाने दाबून कडकड वाजत असेल तर तोही नवा.

आता सायलेन्सर. खरी कमाई इथे आहे. डबा उघडलात तर आत भोकाभोकांचा आडवा पत्रा आणि बाहेर जायला बोटभर वाट. इंजिन जळका धूर बाहेर टाकू शकत नाही तर ताजं मिश्रण आत घेणार कुठून? सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टची रुंदी आणि उंची व्हर्नियरने मोजा. समजा 25 बाय 14 मिमी आहे, म्हणजे 350 चौरस मिमी. डब्यातून बाहेर जायची एकूण वाट त्याच्या साधारण 80 टक्के करायची, म्हणजे 280. याचा अर्थ 19 मिमीचं एक गोल भोक. जुनी वाट तशीच ठेवणार असाल तर तिचं क्षेत्रफळ वजा करा. यापेक्षा मोठं करून ताकद वाढत नाही, फक्त शेजारी जागे होतात. नवं भोक समोरच्या बाजूला, तोंड तुमच्यापासून आणि प्लास्टिकपासून लांब. त्यावर पितळेने किंवा वेल्डिंगने छोटी नळी बसवली तर काम देखणं होतं. ठिणग्या अडवणारी बारीक जाळी मात्र नव्या भोकावरही हवीच. फेब्रुवारी-मार्चला आमच्या सड्यावरचं गवत कसं वाळतं ते ज्याने बघितलंय त्याला जाळी का, हे सांगावं लागत नाही. आतला भुगा झाडून काढा, बोल्टना स्प्रिंग वॉशर घाला; हे बोल्ट तापून हमखास ढिले होतात.

सायलेन्सर मोकळा केला आणि कार्बोरेटरला हात लावला नाही, तर पिस्टन जाणार म्हणून समजा. हवा जास्त वाहते, पेट्रोल तेवढंच राहतं. त्यात ई20 मध्ये मुळातच प्राणवायू असतो, त्यामुळे साध्या पेट्रोलवर लावलेलं सेटिंगसुद्धा त्यावर पातळ पडतं. एल (कमी रेसचं पेट्रोल) आणि एच (पूर्ण रेसचं पेट्रोल) हे दोन्ही स्क्रू हलकेच बंद करून दीड वळण उघडा, मशीन चालू करून चांगलं तापू द्या. आधी एल: रेस दाबल्यावर अडखळायला नको. मग स्लोचा स्क्रू: स्लोवर चेन अजिबात फिरता कामा नये. मग एच, आणि इथे कान लागतो. लाकडाबाहेर पूर्ण रेस दिल्यावर आवाजात फरफर हवी, इंजिन मधूनमधून एक ठोका गाळतंय असं वाटलं पाहिजे. बार लाकडात टेकला की ती फरफर जाऊन आवाज सरळ झाला पाहिजे. लाकडातही फरफरत असेल तर पेट्रोल जास्त आहे, एच किंचित बंद करा. बाहेरच सुईसारखा स्वच्छ, चढा आवाज येत असेल तर मालक खूश होतो आणि मी घाबरतो. ताबडतोब एच उघडा. मोकळी रेस तीन-चार सेकंदांच्या वर देऊ नका. प्लगच्या वायरला तार गुंडाळून चालणारा छोटा टॅको, म्हणजे मिनिटाचे फेरे मोजणारा मीटर, मिळतो, तो घ्या; या कटरला लाकडाबाहेर 11,000 च्या पुढे पळवण्यात शहाणपण नाही. काही लाकडं कापून झाल्यावर प्लग काढून बघा, कोऱ्या नव्हे, दुधाच्या चहाचा रंग हवा.

बहुतेकांनी इथे थांबावं. ज्याला सिलिंडर काढायची भीती नाही त्याच्यासाठी पुढचा टप्पा म्हणजे सिलिंडरखालचं पॅकिंग. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या आणि सिलिंडरच्या छतामध्ये कडेला जी फट उरते ती स्वस्त मशीनमध्ये भलतीच मोठी असते. ती मोजायला 1.5 मिमीची मऊ सोल्डर तार घ्या. प्लगच्या भोकातून आत सारून टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकवा, गजन पिनच्या (पिस्टनला रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, कारण पिस्टन त्या दिशेला डुलत नाही. मॅग्नेट हाताने फिरवून पिस्टन वरून पलीकडे न्या आणि चेपलेलं टोक मोजा. दोन्ही बाजूंना. समजा 1 मिमी आलं आणि पॅकिंग 0.5 चं आहे, तर पॅकिंग काढून पेट्रोल आणि उष्णता सोसणारा सीलंट पातळ लावा. फट अर्धा मिमी उरते आणि कॉम्प्रेशन वाढलेलं दोरीलाच कळतं. अर्ध्या मिमीच्या खाली जायचं नाही. पॅकिंग काढून फट फारच कमी होत असेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घाला, तो साधारण 0.1 मिमीचा असतो.

सिलिंडर खाली आला की आणखी दोन गोष्टी बघायच्या. क्रँक हाताने पूर्ण फिरवून तो सिलिंडरच्या खालच्या कडेला कुठे घासत नाही ना. आणि पिस्टन अगदी वर असताना एक्झॉस्ट पोर्टमध्ये डोकावून त्याच्या खालून फट दिसत नाही ना. दिसली तर क्रँककेसमधलं मिश्रण सरळ सायलेन्सरमध्ये पळणार. पॅकिंग परत घाला. सीलंट रात्रभर सुकू द्या आणि फुग्याची चाचणी पुन्हा करा.

टायमिंग पुढे घेणं, म्हणजे ठिणगी किंचित लवकर पाडणं, हा स्वस्तातला खेळ आहे, पण चावी बेतानेच घासायची. मॅग्नेटमध्ये ओतलेली चावी थोडी घासून मॅग्नेट फिरण्याच्या दिशेने किंचित पुढे बसवायचा. शाफ्ट 10 मिमीचा असेल तर 5 अंश म्हणजे अर्धा मिमीसुद्धा नाही, तेव्हा दोन-दोन हात घासून बघा. मॅग्नेट धरून ठेवतो तो शाफ्टचा निमुळतेपणा, चावी फक्त जागा दाखवते. दोन्ही पृष्ठभाग कोरडे, स्वच्छ करून नट नीट आवळा. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट 0.3 मिमी, व्हिजिटिंग कार्ड घालून लावली तरी चालते. दोरीने बोटांना उलटा झटका दिला तर जास्त पुढे गेलात, मागे या.

आणि पोर्टिंग. आतल्या ओतकामाच्या चुण्या, रबरी पाइप आणि पोर्ट यांच्यातली पायरी, एवढं खुशाल साफ करा. एक्झॉस्ट वरच्या दिशेने वाढवू नका, रेस वाढते आणि लाकडात ओढ मरते. रुंद करायचाच तर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) 60 टक्क्यांच्या आत ठेवा, 45 मिमीला 27. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगून अडकते. या सिलिंडरचा आतला मुलामा पातळ असतो, ग्राइंडरचा बर (घासायचं टोक) अडकला की पापुद्रा निघतो, म्हणून कडांना बारीक दगडाने उतार दिल्याशिवाय पिस्टन घालू नका.

ऑइल मिसळताना दुकानदाराचं झाकण मोजायला वापरू नका. चांगलं जॅसो एफडी (डब्यावर लिहिलेला जपानी दर्जा) 2टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, असेल तर मी लिटरला 25 मिली घालतो, साधं असेल तर 40. प्रमाण बदललंत तर एच पुन्हा लावा. आवाज वाढलाय तेव्हा कानात बोळे, डोळ्यांना चष्मा, आणि पुढचा ब्रेक पूर्ण रेसला चेन थांबवतो का ते काम सुरू करायच्या आधी दरवेळी बघा. वाढलेल्या ताकदीने बारचं टोक अंगावर उडतं तेही जोरात.

जूनपासून मशीन ठेवून देणार असाल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटर सुकेपर्यंत चालवा. नाहीतर ई20 दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि गणपतीनंतर तुम्ही दोरी ओढाल तेव्हा टाकीच्या तळाशी पेट्रोलऐवजी पाणी-इथेनॉलचा थर बसलेला असू शकतो.