मुनीमजीच्या लॉगिनमध्ये चालतं, रात्रीच्या टास्कमध्ये अडतं

लातूरच्या अडत दुकानांत हमखास आढळणारा प्रकार: मुनीमजीच्या लॉगिनमध्ये बॅकअपच्या बॅच फाइलीवर (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) डबल क्लिक केलं की काम चोख होतं. तीच फाइल टास्क शेड्यूलरमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) रात्री ११ वाजता सिस्टीम खात्यावर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर, लावली, की सकाळी फोल्डर रिकामं. सोयाबीनची आवक जोरात असताना हिशेब गेला तर शेतकऱ्यांच्या पट्ट्या पुन्हा जुळवता जुळत नाहीत, म्हणून हे आधीच नीट लावून घ्या.

व्हेरिएबल म्हणजे फोल्डरच्या पत्त्यासारखी माहिती ठेवणारं नाव. मुनीमजीच्या खात्यात भरलेलं युजर व्हेरिएबल त्याच खात्यापुरतं असतं. सिस्टीम खात्याला ते दिसतच नाही. 'युजरप्रोफाइल' हे नाव तिथेही असतं, पण ते विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या एका आतल्या फोल्डरकडे बोट दाखवतं. मुनीमजीने दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला जोडलेला झेड ड्राइव्हही तिथे नसतो.

अंदाज बांधत बसू नका. बॅच फाइलीच्या पहिल्या ओळीत नुसती 'सेट' (set) कमांड, म्हणजे सगळ्या व्हेरिएबल्सची यादी देणारी, लिहून तिचं आउटपुट डी ड्राइव्हवरच्या एका फाइलीत वळवा. एकदा हाताने चालवा, एकदा टास्कमधून, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. टास्क शेड्यूलरच्या 'लास्ट रन रिझल्ट' रकान्यावर विसंबू नका: शेवटची कमांड नीट पार पडली की मधली कॉपी फसली तरी टास्क यशस्वी दिसू शकतो.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे लागणारी व्हेरिएबल्स बॅच फाइलीतच भरणं:

सेट जागा=डी:\बॅकअप

बरोबरच्या चिन्हाआधी स्पेस सोडली तर ती नावाचा भाग होते आणि पुढे 'जागा' सापडत नाही. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तासन्‌तास खाते. टास्कमधला 'स्टार्ट इन' रकाना (काम कुठल्या फोल्डरमधून सुरू व्हायचं ते) भरा, पण त्यात अवतरणचिन्हं नकोत. तो रिकामा राहिला तर काम सिस्टीम३२ मधून सुरू होतं. सिस्टीम व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या खात्यांना दिसणारं, नव्याने भरलं असेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करूनच टास्क तपासा. पासवर्ड मात्र सिस्टीम व्हेरिएबलमध्ये ठेवू नका, तो त्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक खात्याला वाचता येतो.

बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर जात असेल तर झेडऐवजी \\सर्व्हर\बॅकअप असा पूर्ण पत्ता द्या. डोमेन (सगळ्या कॉम्प्युटरची खाती एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) नसलेल्या दुकानात दोन्ही कॉम्प्युटरवर एकाच नावाचं आणि एकाच पासवर्डचं वेगळं खातं काढा, फोल्डरवर त्याला लिहिण्याची परवानगी द्या आणि टास्क त्याच खात्यावर लावा. 'पासवर्ड साठवू नका' या पर्यायावर टिक नको, नाहीतर नेटवर्कवरचं फोल्डर उघडत नाही. पुढे पासवर्ड बदलाल त्या दिवशी तो टास्कमध्येही बदला.