उतारवयातील निद्रानाश : या चुका टाळा

साठी ओलांडलेल्या स्त्रीला रात्रीची झोप येईनाशी झाली, की घरचे मायेपोटी सांगतात : लवकर आडवी हो, सकाळी घाईने उठू नकोस. नेमका हाच सल्ला बहुधा झोपेच्या मुळावर येतो. रात्री ९ ला दिवा मालवून सकाळी ७ ला उठणाऱ्या स्त्रीला प्रत्यक्ष झोप साडेपाच तासच लागत असेल, तर उरलेले साडेचार तास कूस बदलण्यात, उशी उलटीसुलटी करण्यात आणि घड्याळाकडे पाहण्यात जातात. अशाने अंथरूण ही जागे राहण्याची जागा आहे, अशी सवय मेंदूला जडते.

ही सवय मोडण्यासाठी एक-दोन आठवडे झोपेची नोंद ठेवावी, सरासरी झोपेत अर्धा तास मिळवावा आणि तेवढाच वेळ अंथरुणात राहावे. वरच्या उदाहरणात उठण्याची वेळ ६ ठरवली, तर पाठ टेकायची ती रात्री १२ वाजता. हे निर्दयपणाचे वाटते, आणि सुरुवातीचे दिवस खरोखरच जड जातात. पण अंथरुणातील सुमारे ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला १५ मिनिटे लवकर निजता येते. अंथरुणातील वेळ पाच तासांखाली मात्र कधीही आणू नये, आणि अपस्मार, द्विध्रुवी विकार (मन अतिउत्साह आणि नैराश्य यांत हेलकावण्याचा आजार) किंवा तोल जाण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. ही पद्धत निद्रानाशावरील वर्तनोपचाराचा, म्हणजे सवयी बदलून करायच्या उपचाराचा भाग आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांआधी याच उपचाराची शिफारस केली.

दुसरी चूक म्हणजे डोळे मिटून झोपेची वाट पाहत राहणे. वीसेक मिनिटे झाली असावीत असे वाटले, की घड्याळ न पाहता उठावे, मंद प्रकाशात शांतपणे बसावे आणि पापण्या जड झाल्यावरच परतावे. वाटेत पायात येईल असे काही ठेवू नये.

दुपारची अर्ध्या तासाची डुलकी एकवेळ चालेल. संध्याकाळी टीव्हीपुढे खुर्चीत लागलेली डुलकी मात्र रात्रीच्या झोपेची भूकच मारते. चहा-कॉफीतील कॅफिन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून ती दुपारीच थांबवावी.

सगळा दोष वयावर टाकणे ही चूक सर्वांत महागात पडते. रजोनिवृत्तीनंतर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार वाढतो, आणि स्त्रियांमध्ये तो घोरण्याऐवजी नुसत्या थकव्यातूनही प्रकट होऊ शकतो. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर शरीरातील लोह तपासून घ्यावे. लघवीसाठी वारंवार उठावे लागत असेल, तर लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात, कारण अचानक सोडल्यास काही रात्री झोप पूर्वीपेक्षाही बिघडते आणि गोळीवाचून आपले चालणारच नाही, असा गैरसमज पक्का होतो.