जुन्या गाडीच्या पॉवर विंडोतला शॉर्ट शोधताना या चुका टाळा

फ्यूज उडाला, नवा बसवला, तोही उडाला. मग हाताशी असलेला मोठ्या अँपिअरचा फ्यूज बसवला जातो आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, मोटर वाचवायला नव्हे. फ्यूज वाढवला तरी शॉर्ट, म्हणजे वायर बॉडीला किंवा दुसऱ्या वायरीला टेकून करंटला मिळालेली आडवाट, आहे तिथेच राहतो, फक्त आता फ्यूजच्या आधी वायर जळते. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत वायरीवरचं आवरण आधीच कडक झालेलं असतं. एक वायर तापली की त्याच जुडग्यातल्या शेजारच्या चार वायरीही जातात.

बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांत या सर्किटला फ्यूज नसतो, आपोआप पुन्हा जुळणारा ब्रेकर असतो. त्यातली दुहेरी धातूची पट्टी तापून वाकते आणि पुरवठा तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. डॅशबोर्डाखाली थोड्या-थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज येत असेल तर ब्रेकर बदलायच्या मागे लागू नका, तो आपलं काम चोख करतो आहे. लगेच किल्ली बंद करा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. ब्रेकर पुन्हा पुन्हा जोडत राहतो, तेवढ्या वेळा शॉर्टच्या जागी वायर तापते.

दाराचं पॅड काढण्याआधी फ्यूज नेमका कधी उडतो ते बघा. निम्मा शोध इथेच संपतो, आणि नेमकी हीच पायरी सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते. किल्ली फिरवताच, एकही बटण न दाबता उडत असेल, तर दोष फ्यूजपासून स्विचपर्यंतच्या पुरवठ्याच्या वायरीत किंवा स्विचमध्येच आहे. एखादी काच वर घेतानाच उडतो आणि खाली नेताना उडत नाही, तर त्या दारातली ‘वर’ची वायर स्विच आणि मोटर यांच्यामध्ये कुठेतरी बॉडीला टेकते आहे. दोन्ही बाजूंना बटण दाबताक्षणी उडतो, तेव्हा दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा मोटर आतून गेली आहे. आणि काच निम्मी चढून मग उडत असेल तर तो बहुधा शॉर्टच नाही. काचेच्या खाचेतलं फेल्ट वाळलं, रेग्युलेटरचं (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचं) ग्रीस घट्ट झालं की मोटर जास्त करंट ओढते. अशा वेळी वायरिंग उसवू नका. खाच साफ करा, सिलिकॉन स्प्रे मारा, रेग्युलेटरला ताजं ग्रीस लावा.

यानंतरची चूक मल्टिमीटरची. मोटरच्या वायरीवर एक टोक, बॉडीवर दुसरं, मीटर ‘बीप’ करतो आणि शॉर्ट सापडल्याचा आनंद होतो. दोन वायरींच्या मोटरमध्ये दिशा बदलते ती पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटवून, आणि अशा बहुतेक गाड्यांत बटण सोडलेलं असताना दोन्ही वायरी स्विचमधूनच अर्थला, म्हणजे बॉडीला, जोडलेल्या असतात. म्हणजे ठणठणीत गाडीतही मीटर जवळपास शून्य ओहम दाखवणारच. आणखी जुन्या मोटरींना अर्थ थेट बॉडीतून मिळतो. तिथे मीटर मोटरच्या वाइंडिंगचाच (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचाच) रोध मोजतो, तो एखाद-दुसरा ओहम भरतो आणि बीप तरीही वाजतो. म्हणून मोजण्याआधी बॅटरी काढा, स्विचचा प्लग काढा, मोटरचा प्लग काढा. त्यानंतर वायर आणि बॉडी यांच्यात काहीच जोड दिसायला नको. आवाजावर विसंबू नका, आकडा वाचा. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध किती, तेही पाहून ठेवा.

फ्यूजमागून फ्यूज उडवत शॉर्ट शोधणंही नको. फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींनी जोडा. पूर्ण शॉर्ट असला तरी त्यातून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो, त्यामुळे काही जळत नाही. सगळ्या मोटरींचे प्लग मात्र काढलेले हवेत, नाहीतर बटण दाबल्यावर चांगल्या मोटरमधूनही बल्ब लख्ख पेटतो. आता किल्ली चालू करा आणि एकेक बटण दाबा. ज्या बटणावर बल्ब पेटतो, ती वायर दोषी. बटण न दाबताच पेटला तर कनेक्टर एकेक करून सोडवा. जो सोडल्यावर बल्ब विझतो, त्याच्या पुढे दोष आहे. बल्ब तसाच जोडलेला ठेवून दार सावकाश उघडा-मिटा आणि जुडगं हाताने हलवा. लुकलुकला की जागा हाताखाली आहे.

ही जागा बहुतेकदा एकच निघते: बिजागराजवळचं रबरी बूट, जिथून वायरी खांबातून दारात जातात. बूट मागे सरकवा आणि प्रत्येक वायर वेगळी धरून दोन बोटांत वाकवा. वरून सगळं धड दिसतं, पण वाकवलं की आवरणावर अंगठीसारखी चीर उघडते आणि आत हिरवं-काळं पडलेलं तांबं दिसतं. चालकाच्या दारापासून सुरुवात करा, कारण मुख्य स्विच सहसा तिथेच असतो आणि इतर दारांचा पुरवठाही बऱ्याचदा त्यातूनच जातो. इथे काही नसेल तर दाराच्या आत बघा. क्लिप तुटून जुडगं रेग्युलेटरच्या दांड्यात येतं, किंवा स्पीकर बसवताना वापरलेला लांब स्क्रू थेट वायरीत शिरलेला असतो.

मोटर काढायची वेळ आली तर हात आत घालण्यापूर्वी थांबा. अनेक रेग्युलेटरवर काचेचं वजन तोलणारी जबरदस्त स्प्रिंग असते. मोटर सुटली की दातेरी भाग झटक्यात फिरतो आणि बोटं तुटू शकतात. आधी काच टेकू देऊन पक्की करा, दातेरी भाग आणि मागची पट्टी यांतून बोल्ट घालून लॉक करा, मगच मोटरचे बोल्ट सोडा.

दुरुस्ती करताना बूटच्या आत सोल्डर करू नका. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि दाराच्या उघडझापीत तिथेच तुटते. साधी चिकटपट्टीही दारातल्या उष्णतेने सुटते. खराब तुकडा पूर्ण कापा, तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची लवचिक वायर घाला आणि दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाबाहेर घ्या: एक दारात, एक गाडीच्या आत. जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. शेजारच्या वायरींचे जोड पुढे-मागे ठेवा, नाहीतर जुडगं एकाच जागी फुगतं आणि बूटमध्ये जात नाही. दार पूर्ण उघडल्यावरही वायरींना ढील राहायला हवी.

पॅड बसवण्याआधी बल्बची चाचणी पुन्हा घ्या, मग मूळ अँपिअरचाच फ्यूज लावा. पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा फाटला असेल तर नवा चिकटवा. काचेवरून दारात उतरणारं पाणी तो नसला की सरळ स्विचवर आणि प्लगवर येतं.