माझ्या दोन फायली

अमेरिकेत आल्यावर दुसऱ्या वर्षी एका इस्पितळात नर्सने विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" मी म्हटलं, "पेनिसिलिनची. मागच्या वेळी सांगितलं होतं की." तिने स्क्रीन वर-खाली करून पाहिली. "तुम्ही तर पहिल्यांदाच आलाय."

शोधाशोध झाल्यावर कळलं, त्यांच्या नोंदीत मी एकटी दोन वेगळ्या बायका झाले होते. पहिल्या भेटीत मी जन्मतारीख आपल्या सवयीने ०४/०८ लिहिली, म्हणजे ४ ऑगस्ट; त्यांनी ती ८ एप्रिल वाचली. मधलं नाव तेव्हा वडिलांचं होतं, नव्या पासपोर्टवर नवऱ्याचं आलं. ॲलर्जी त्या पहिल्या बाईकडेच राहिली.

या घोळाला नाव आहे, डुप्लिकेट रेकॉर्ड, हे पुढे हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या (एचआयएम) ऑनलाइन पदवीत शिकले. रुग्णांच्या मुख्य यादीतल्या अशा जोड्या शोधायच्या, माणूस एकच आहे याची खात्री करायची आणि मगच फायली जोडायच्या. घाईने जोडल्या तर एकाची औषधं दुसऱ्याच्या नावावर जातात.

"म्हणजे मेडिकल कोडिंगच ना?" असं मला पुण्याच्या मावसबहिणीपासून सगळ्यांनी विचारलं. कोडिंग, म्हणजे निदानाला आणि उपचाराला ठरलेला कोड देणं, हा त्यातला एक तुकडा. बाकी रुग्णाची माहिती कुणाला द्यायची, कुणाला नाही, नोंद पुरी आहे का, आकडेवारी कशी काढायची आणि १९९६ चा हिपा, म्हणजे रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा. रुग्णाने स्वतःची फाइल मागितली की साधारण ३० दिवसांत द्यावी लागते, हे मी रुग्ण असताना कुणी सांगितलं नव्हतं.

प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: त्या अभ्यासक्रमाला सीएएचआयआयएम या एचआयएमचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं, अभ्यासक्रमाला असणं वेगळं. मी आधी एका कॉलेजात नाव घालायला निघाले होते. फोनवरचा मुलगा "हो, आम्ही मान्यताप्राप्त आहोत" म्हणत राहिला, तो बोलत होता कॉलेजबद्दल. अभ्यासक्रमालाच मान्यता नसेल तर पदवी हातात असूनही अहिमा या एचआयएमवाल्यांच्या संघटनेच्या आरएचआयए या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येत नाही. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवर त्यांचीच आरएचआयटी परीक्षा, चार वर्षांच्या पदवीवर आरएचआयए. भारतातली पदवी असेल तर मान्यताप्राप्त मास्टर्सही बघा. त्यावरही आरएचआयएला बसता येतं. मला हे उशिरा कळलं.

भारतात राहून हेच ऑनलाइन करू म्हणणाऱ्यांनी थांबा. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याच्या यादीत हा विषय आहे, आणि त्या यादीतले अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ चालवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंदी घातली आहे.

आता कोडिंग. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही निदानांच्या कोडची यादी वापरतात आणि दर ऑक्टोबरला कोड बदलतात, म्हणून कोडची पुस्तकं सेकंडहँड घेऊ नका. कोंबडीने टोचलं तर त्यालाही कोड आहे, डब्ल्यू६१.३३; पहिल्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्यांचं त्यावर हसून झालं. हसू थांबलं ते सातव्या अक्षराशी. मांडीच्या हाडाची मान मोडली, कोडच्या शेवटी 'ए', म्हणजे इनिशियल एन्काउंटर. मी समजले पहिली भेट. तसं नाही. हाडावर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत तोवर 'ए', मग भेट तिसरी का असेना. ते संपून नुसतं भरून येणं बघायचं असलं की 'डी'. या एका अक्षरापायी माझ्या पहिल्या असाइनमेंटचे निम्मे मार्क गेले.

त्याहून अवघड गेलं ते गप्प बसणं. समोर रिपोर्ट असतो, सोडियम १२८. कमी आहे हे मायक्रोबायोलॉजीची पदवी घेतलेल्या मला दिसतं. पण डॉक्टरांनी निदान लिहिलेलं नसेल तर मी कोड टाकू शकत नाही. त्यांना लेखी विचारायचं, याला क्वेरी म्हणतात, आणि उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. "हायपोनॅट्रेमिया आहे ना?", म्हणजे रक्तात सोडियम कमी आहे ना, असं विचारलेलं चालत नाही. रिपोर्टमधला आकडा मांडायचा, दिलेले उपचार मांडायचे, पर्याय द्यायचे. त्यांत 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हेही हवेत. माझ्या पहिल्या चार क्वेऱ्या प्राध्यापकांनी लाल करून परत पाठवल्या.

ऑनलाइन असल्याची सोय खरी आहे, मुलीला झोपवून रात्री दहाला लेक्चर ऐकता येतं. पण प्रॅक्टिकम, म्हणजे कामाचा अनुभव, प्रत्यक्ष इस्पितळात होता आणि जागा बरीचशी मलाच शोधावी लागली. अकरा ईमेल पाठवले, दोन उत्तरं आली. तेव्हा सेमिस्टरभर आधी लागा. शिवाय टीबीची चाचणी मागतात. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे कातडीवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी आली, आणि एक्स-रेपायी तीन आठवडे गेले. आधीच रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

प्रॅक्टिकमला पहिल्याच दिवशी मला डुप्लिकेटची यादी दिली. मनात म्हटलं, हे तर माझंच काम. सातवी जोडी आपल्याकडची: आडनाव एक, पत्ता एक, जन्मतारीख एक, मधलं नाव एक, पहिल्या नावात एका अक्षराचा फरक. स्पेलिंगची चूक, दुसरं काय. जोडायचं बटण दाबणार, तेवढ्यात शेजारच्या बाई म्हणाल्या, जन्माची वेळ बघ. अकरा मिनिटांचं अंतर होतं. जुळ्या मुली होत्या.