बाळाच्या अंगात पाणी: या चुका टाळा

जन्मतःच बाळ फुगलेलं. छातीत, पोटात, कातडीखाली पाणी. घरच्यांना ते बाळसं वाटतं, ते मी एक वेळ समजू शकतो. पण नवे डॉक्टर फाईलवर ‘हायड्रॉप्स’ लिहितात आणि निदान झाल्याच्या थाटात हात वर करतात, ते सहन होत नाही. हायड्रॉप्स हे लक्षण आहे. कारण शोधायचं बाकीच असतं, आणि त्यातली काही कारणं बरी होणारी असतात.

छातीतल्या पाण्याचा घोळ तर ठरलेलाच. खानापूरकडचं एक बाळ आलं, सोबत चिठ्ठी: ‘पाणी पिवळसर, स्वच्छ. काइल नाही.’ काइल म्हणजे आतड्यातून चरबी वाहून नेणारा लसिकेचा (लिम्फचा) द्रव, तो गळून छातीत साठतो. दुसऱ्या दिवसाचं बाळ, पोटात दुधाचा थेंब नाही! अहो, काइल पांढरं होतं ते दूध पोटात गेल्यावर. तोवर पिवळंच असतं. आम्ही नळीतून आईचं दूध सुरू केलं. चौथ्या दिवशी पहाटे सिस्टरनं हाक मारली. छातीच्या नळीची बाटली ताकासारखी पांढरी. आजी म्हणाली, “दूध वाट चुकून छातीत शिरलं की काय ओ डॉक्टर?” त्या चिठ्ठीपेक्षा आजीच जवळ पोचली होती. एमसीटीचं, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीचं दूध दिलं. त्यातली चरबी लसिकेच्या वाटेला न जाता थेट रक्तात जाते. तीन आठवड्यांनी नळी निघाली. तेव्हापासून उपाशी बाळाच्या पाण्याचा रंग मी बघतच नाही. मायक्रोलिटरला पेशी हजारावर आणि त्यात ८० टक्क्यांवर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, की काइलच धरतो.

हृदय अति वेगानं धावत राहिलं तरी अंगात पाणी साठतं. ठोके मिनिटाला २२० च्या वर आणि रडणं थांबलं तरी तिथंच अडकलेले? आधी ईसीजीची पट्टी, मग ठोके ताळ्यावर आणणारं अ‍ॅडेनोसिन. पट्टी न काढता औषध टोचणारे घाईत पुरावाच पुसतात.

आईचं तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, उघडून वाचा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच्या बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं होतं का? नसेल तर आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तपेशी फोडू शकतात. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची तपासणीही बघा, सिफिलिसला पेनिसिलिन पुरतं.

काही साठवणुकीचे आजारही, म्हणजे एन्झाइम नसल्यानं पेशींत नको ते साठत जाणारे आनुवंशिक आजार, असे पाण्याने फुगलेले येतात. त्यातल्या एमपीएस सात या आजारावर २०१७ पासून एन्झाइमचं औषध आहे. पण “नात्यात लग्न आहे का?” विचारलं की आमच्या भागात उत्तर ‘नाही’च येतं. मामाच्या पोरीला कोण नात्यातली म्हणतं? म्हणून मी आईला विचारतो, “तुमच्या सासूबाईंचं माहेर कुठलं?”

“निपाणी.”

“आणि तुमचं?”

“तेच की. एकच घर.”